वर्कशॉपमध्येच राहून जुनी गाडी खोलून पुन्हा उभी करायची असेल तर

जुनी गाडी पूर्ण खोलून पुन्हा उभी करायला महिने लागतात, कधी वर्षंही. दोन जागांचं भाडं भरण्यापेक्षा शेडमध्येच पथारी टाकावी असं वाटणं साहजिक आहे. पण आधी एक हिशेब समजून घ्या. थिनर, वेल्डिंगचा धूर, धूळ यांच्या कामाच्या जागी ठरवलेल्या सुरक्षित मर्यादा बहुतेक दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४० तास धरून काढलेल्या असतात. उरलेले १६ तास माणूस स्वच्छ हवेत असेल, हे त्यात गृहीत आहे. शेडमध्ये झोपणाऱ्याला ते १६ तास आपणहून मिळत नाहीत, मिळवावे लागतात.

आधी परवानगी

जागेच्या मालकाला लेखी विचारा. अशा जागेत राहायला नियमांनी मनाई असू शकते, आणि आग लागलीच तर विम्याचा दावा अडू शकतो. नकार मिळाला तर चोरून राहू नका.

मग खोली, गाडी त्यानंतर

झोपायच्या खोलीची भिंत छतापर्यंत न्या. अर्ध्या उंचीचं पार्टिशन वास अडवत नाही. दाराच्या चारही कडांना रबरी पट्टी लावा. खोलीला थेट बाहेर उघडणारी, माणूस निघेल एवढी खिडकी किंवा दार हवंच. आग बहुधा वर्कशॉपमध्ये लागेल, म्हणजे नेमकी तुमच्या आणि मुख्य दाराच्या मध्ये. दुसरी वाट नसेल तर तिथे झोपू नका. पोटमाळ्याचा मोह होतो, पण धूर आधी वरच साठतो.

धुराचा अलार्म वर्कशॉपमध्ये लावा आणि तो खोलीतही वाजेल असा जोडून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत वेगळा लावा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्याला तो जागं करत नाही. म्हणून इंजिन चालवून बघायचं तर गाडी ढकलून बाहेर काढा. शटर अर्धं उघडं ठेवणं पुरेसं नाही.

खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुंटी ठोका. कामाचे कपडे आणि बूट तिथेच राहतील, हातपाय धुऊन मगच आत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या ब्रेक लायनर आणि क्लचप्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. जेवायलाही खोलीतच बसा.

पेट्रोल

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि लांबच्या शेगडीपर्यंत पोहोचते. टाकी उघड्यावर रिकामी करा, पेट्रोल बंद कॅनमध्ये राहत्या जागेपासून दूर ठेवा. रिकाम्या टाकीत वाफ उरतेच, त्यामुळे तिला स्वतः वेल्डिंग करू नका.

दिवस कसा लावायचा

वेल्डिंग, ग्राइंडिंग सकाळी उरका. सीटच्या फोममध्ये किंवा गालिच्यात पडलेली ठिणगी तासभर धुमसू शकते, म्हणून शेवटच्या ठिणगीनंतर किमान एक तास थांबून पुन्हा सगळीकडे पाहा. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला वेल्डिंग नको. त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू बनतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो, त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. चार्जर हवेशीर जागी, दिवसाच लावा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळून मारायच्या रंगात बहुधा आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि रंगकामाचा बंदिस्त बूथ लागतो. राहत्या शेडमध्ये तो रंग मारूच नका. पुटी, घासकाम, प्रायमरची तयारी तुम्ही करा आणि शेवटचा हात बूथवाल्याकडून मारून घ्या.

एकटे असताना

गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर नको. सपाट, कडक जमिनीवर गाडीचं वजन पेलणारे स्टँड लावा आणि आत सरकण्याआधी गाडी हलवून बघा. किती वाजेपर्यंत खाली आहात हे कुणाला तरी फोन करून सांगा. तोच फोन टेबलावर न ठेवता, पडल्या पडल्या हात पोहोचेल अशा खिशात ठेवा.