जुनं आउटबोर्ड घेताना मी काय पाहिलं

खाडीत गरवायला माझी बारा फुटी फायबरची होडी आहे. वल्ही मारून खांदे भरून यायचे. नव्या मशीनचं बजेट नव्हतंच, म्हणून मालवणच्या बाजूला जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला टांगायचं इंजिन, शोधलं.

रंगावर जाऊ नका, रंग कोणीही मारतो. मी आधी झाकण काढून इंजिनाला हात लावला. ते गार हवं. तापवून ठेवलेलं मशीन पहिल्या झटक्यात सुरू होणारच. मग दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावला. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक बघायचा. साधारण १० टक्क्यांच्या आत असला की ठीक. खाली गिअर ऑइलचा स्क्रू सैल केला, तर तेल दुधाळ! सील गेलेलं, पाणी आत शिरलेलं. तिथेच भाव पाडून घेतला. घरी आणून सील आणि इम्पेलर (इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारी चक्री) नवे टाकले. आता मागच्या भोकातून पाण्याची धार जोरात पडते.

शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची, लांबी मात्र मोजूनच जा. त्याआधी एक मशीन याहून स्वस्त मिळत होतं, पण त्याचा शाफ्ट २० इंची आणि माझ्या होडीची मागची फळी १५ इंची. ओहोटीला पंखा गाळात रुतला असता, म्हणून सोडलं.