रेगेटॉन प्रोड्यूसर व्हायचंय? आधी लूपचा मालक शोधा

रेगेटॉन म्हणजे पोर्तो रिकोत वाढलेलं स्पॅनिश नाचगाणं, आणि डेम्बो हा त्याचा पायाचा ताल. तो कसा बसवायचा हे इथे सांगत बसत नाही. सोळा खान्यांवर किक (ड्रमचा जाड ठोका) १, ५, ९, १३ ला, स्नेअर (करकरीत ठोका) ४, ७, १२, १५ ला, टेम्पो नव्वदीच्या आसपास. एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर उघडता येणाऱ्याला हे अर्ध्या तासात जमतं, आणि म्हणूनच त्याचे कुणी पैसे देत नाही.

पैसे मिळतात ते बारकाव्यांचे. जुनी गाणी कान देऊन ऐका. काही बार (तालाची आवर्तनं) गेले की स्नेअर बदलतो. कडव्याला एक, कोरसच्या तोंडावर दुसरा, मग कधी दोन्ही एकावर एक. ताल तोच, पण तीन मिनिटं कंटाळा येत नाही तो यामुळे. शिवाय गायकासाठी जागा सोडावी लागते. नवा माणूस मेलडी, तिच्यावर दुसरी मेलडी, पॅड, बासरी असं सगळं ठासून भरतो, आणि गाणाऱ्याला शिरायला फटच उरत नाही. माझे सुरुवातीचे बीट, म्हणजे गायकाच्या आवाजाखालचं तयार संगीत, परत यायचे ते बहुतेक याच कारणाने.

मी ठाण्यात बसून कोलंबियातल्या मेदेयीनच्या लहानसहान गायकांबरोबर काम करतो. तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे साडेसात. डबा भरता भरता व्हॉइस नोट येते: बेस कमी कर, कोरस लवकर आण. प्लगइनवर (सॉफ्टवेअरच्या जोडण्यांवर) पैसे उडवण्याआधी स्पॅनिश शिका, याबाबतीत मी हट्टी आहे. मेदेयीनची माणसं निदान स्पष्ट बोलतात. पोर्तो रिकोचा माणूस शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतो आणि आपण तीच नोट पुन्हा पुन्हा ऐकत बसतो.

आता मुख्य गोष्ट. फुकट लूपचे पॅक. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारा संगीताचा तयार तुकडा. व्हिडिओखाली लिंक असते, ईमेल दिला की झिप फाइल येते. अशाच एका पॅकमधला गिटारचा लूप मी उचलला. दोन सूर खाली आणला, उलटा फिरवला, तुकडे करून पुन्हा जोडला. एवढं केल्यावर तो मला माझाच वाटायला लागला. बीट एका गायकाला आवडला, त्याने त्यावर गाणं रेकॉर्ड केलं, एका लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, ते घ्यायचं ठरवलं. मग लेबलच्या वकिलाची मेल आली: बीटमध्ये जे जे वाजतंय ते कुणाचं, लेखी द्या. झिप परत उघडली. आत एक टेक्स्ट फाइल होती, जिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. स्वतंत्र कलाकारांना लूप मोफत. गाणं लेबलकडे गेलं तर आधी परवानगी, आणि बीटच्या पैशात व हक्कात निम्मा वाटा लूप बनवणाऱ्याचा. त्याला मेल केली, इन्स्टावर गाठायचा प्रयत्न केला. उत्तर नाही. लेबल कशाला थांबतंय? त्यांनी गायकाचा आवाज तोच ठेवला, खाली दुसऱ्याचा बीट घातला आणि गाणं काढलं. ते मी आजवर पूर्ण ऐकलेलं नाही.

पुन्हा सांगतो, कारण सगळे इथेच घसरतात. ‘मोफत’ म्हणजे डाउनलोड मोफत. गाण्यात हक्क दोन असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा, आणि लूप दोन्हीत शिरतो: त्यातली चाल रचनेत, त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात. सूर खाली आणा, उलटा करा, रिव्हर्बमध्ये बुडवा, मालक बदलत नाही. स्प्लाइससारख्या सेवेतून पैसे भरून घेतलात तर रॉयल्टीचा प्रश्न मिटतो, पण तोच लूप आणखी कुणाच्याही गाण्यात असू शकतो, आणि मग यूट्यूबवर दोन गाणी एकमेकांवर दावे ठोकतात. मित्राने व्हॉट्सॲपवर गुणगुणून पाठवलेली चालसुद्धा त्याचीच. ‘अरे, आपलंच आहे’ हे पैसे येईपर्यंत.

‘सगळेच करतात’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. खरं आहे, या संगीताचा पायाच उसना आहे. जमैकाच्या स्टीली अँड क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये ‘फिश मार्केट’ बनवलं. तो ताल जमैकाच्याच शॅबा रँक्सच्या ‘डेम बो’ या गाण्यातून (डेम्बो हे नाव त्यातूनच) पनामा, न्यूयॉर्क, पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन असा फिरला. १९९५ मध्ये पोर्तो रिकोत पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या गाण्यांच्या कॅसेटी उचलल्या त्या अश्लीलतेच्या नावाखाली. ताल कुणाचा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं गेलं २०२१ मध्ये, स्टीली अँड क्लीव्हीच्या बाजूने, कॅलिफोर्नियाच्या कोर्टात. दावा फुगत दीडशेवर प्रतिवादी आणि सुमारे १,८०० गाण्यांपर्यंत गेला. डॅडी यांकी, लुइस फोन्सी, बॅड बनी, सगळे बडे गायक त्यात. मे २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. त्या मंडळींकडे वकिलांची फौज आहे. आपल्याकडे झिप फाइल.

एवढं वाचून लॅपटॉप मिटू नका. लूनी ट्यून्स ही रेगेटॉन प्रोड्यूसरांची जोडी मूळची डॉमिनिकन, वाढलेली मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि हार्वर्डच्या खानावळीत राबत होती. २००३ मध्ये त्यांचा ‘मास फ्लो’ हा अल्बम आला, पुढच्या वर्षी डॅडी यांकीसाठी त्यांनी बनवलेलं ‘गॅसोलिना’, आणि २०२३ मध्ये तेच गाणं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतनयादीत गेलं. सान हुआनबाहेरच्या माणसाला दार बंद नाही.

मात्र ‘मेंटॉरशिप’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. आजचा बडा प्रोड्यूसर टायनी कोवळ्या वयात ‘नेली’ नावाच्या प्रोड्यूसरच्या आणि लूनी ट्यून्सच्या स्टुडिओत शिरला आणि त्यांचं काम बघत तयार झाला. ते तुम्हाला ठाण्यात मिळणार नाही, मान्य. त्याऐवजी आपल्याच तोडीच्या दोघातिघांना धरा, एकमेकांचे बीट उघडून बघा. ज्याने स्वतः एकही गाणं विकलेलं नाही त्याच्याकडून विकायची युक्ती शिकण्यात काय अर्थ आहे?

आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या भारतीय संस्थेचं सदस्यत्व घ्या. तिथून आयपीआय हा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो आणि परदेशी संस्था तुम्हाला त्याच क्रमांकाने ओळखतात. कुणाचा किती टक्के, हा कागद सेशन संपायच्या आत भरा. गाणं चाललं की प्रत्येकाची स्मरणशक्ती आपापल्या सोयीची होते. मी आता प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवतो: कुठला आवाज कुठून आला, कोणत्या तारखेला, सोबत लायसन्सचा स्क्रीनशॉट. कंटाळवाणं आहे, पण वकिलाची मेल आली की उत्तर दहा मिनिटांत जातं. आणि आगाऊ रक्कम खात्यात दिसेपर्यंत स्टेम्स (बीटमधल्या प्रत्येक आवाजाच्या सुट्या फाइली) कुणालाही पाठवू नका, ‘ब्रो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. तोवर टॅग लावलेला, म्हणजे मधेमधे आपलं नाव ऐकू येणारा एमपी३ पुरे.