शर्यतीच्या दिवशी हवा मोजून कार्ब्युरेटर कसा लावावा

इंजिनाला हवा लिटरमध्ये नाही, वजनात लागते. उंची, ऊन आणि दमटपणा हे तिघेही ते वजन कमी करतात. म्हणून हवा आधी मोजा, जेटला (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) हात नंतर लावा.

पहिलं काम दाबाचं, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. मोबाइलवरचं हवामान ॲप समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब दाखवतं. चेन्नई आणि सुमारे ४०० मीटरवरचं कोइंबतूर, दोन्हीकडे ते १०१० हेक्टोपास्कल म्हणेल. प्रत्यक्षात कोइंबतूरच्या ट्रॅकवर ९६५च्या आसपासच असतो. जागेवरचा दाब हवा, म्हणजे साधा बॅरोमीटर पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाडी दुरुस्तीच्या जागेत) ठेवायचा आणि त्याला समुद्रसपाटीची दुरुस्ती करू द्यायची नाही.

तापमान सावलीत घ्या, पण तंबूत नव्हे. इंजिन जिथून हवा ओढतं तिथलं. आर्द्रताही टिपा.

आता हिशोब. चेन्नईची दुपार धरू: १००८ दाब, ३५ अंश, ६० टक्के आर्द्रता. ३५ अंशांना बाष्पाचा कमाल दाब ५६, त्याचे ६० टक्के ३४. तो वजा केला की कोरड्या हवेचे उरतात ९७४. त्याला ०.३४८ने गुणा, ३०८ने (तापमान अधिक २७३) भागा: १.१० किलो प्रति घनमीटर. प्रमाण हवा (समुद्रसपाटीवरची, १५ अंशांची कोरडी हवा) १.२२५, म्हणजे ९० टक्केच हवा हाती आली. ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते.

जेट मात्र दहा टक्क्यांनी लहान करायचा नाही. हवा विरळ झाली की तिची ओढही कमी होते, त्यामुळे पेट्रोल थोडं आपोआपच घटतं. भोकाचं क्षेत्रफळ पाचेक टक्के, व्यास अडीच टक्के कमी केला की भागतं. प्रमाण हवेत १३०चा जेट (१.३० मिमी) बरोबर बसला असेल, तर इथे १२७ लावून बघा.

मग ट्रॅकच्या सरळ भागावर फुल थ्रॉटलने एकदा गाडी पळवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघा. तपकिरी ठीक, काळी काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). पांढराफटक दिसला (पेट्रोल कमी) तर जेट लगेच मोठा करा. टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन धरायला (तापून सिलिंडरमध्ये अडकायला) वेळ लागत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत हे सगळं ईसीयू (इंजिनाचा संगणक) सेन्सरवरून करतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जास्त फिरून बरीच तूट भरून काढतो. फॉर्म्युला वनला मेक्सिको सिटीत, सुमारे २,२०० मीटरवर, जवळपास पाव हवा कमी मिळते. तिथे खरी डोकेदुखी ताकदीपेक्षा इंजिन आणि ब्रेक थंड ठेवण्याची असते. मोठे विंग लावूनही गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पुरेसा जोर मिळत नाही.

सकाळचा जेट दुपारी चालेलच असं नाही. प्रत्येक हीटआधी (शर्यतीच्या फेरीआधी) आकडे पुन्हा घ्या, आणि वहीत जेटच्या नंबराशेजारी घनताही लिहा.