आधी टेप मॉनिटरचं बटण बघा

प्रीॲम्प (सोर्स निवडून आवाज-टोन ठरवणारा, पॉवर ॲम्पच्या आधीचा भाग) दुरुस्ती शिकायला निघालेल्यांना पहिलं सांगणं: सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पुढच्या पॅनेलवरची बटणं बघा. एवढं शिकायला माझे तीन दिवस आणि सहा ट्रान्झिस्टर गेले.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत एका दुकानाच्या पोटमाळ्यावर उमेदवारी करत होतो. एका गिऱ्हाइकाने जुना इंटिग्रेटेड ॲम्प (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात) आणला. दिवा लागतो, रिले टक् करतो, आवाज नाही. ट्यूनर (रेडिओ) लावला, सीडी लावली, तेच. मी झाकण उघडून टोन कंट्रोलच्या बोर्डावरचे ट्रान्झिस्टर बदलत सुटलो. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या आमच्या काकांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला, ‘टेप मॉनिटर’चं दाबलेलं बटण सोडलं आणि रेडिओ वाजला. बोलले काहीच नाहीत. ‘बघून शीक’ ही पद्धत मला आजही पटत नाही. पहिल्याच दिवशी कागदावर चार चौकोन काढून दिले असते तर काय बिघडलं असतं?

ते चौकोन मी काढून देतो. सीडी, ट्यूनर सरळ सिलेक्टरवर (काय ऐकायचं ते निवडणारा स्विच) येतात. टर्नटेबलच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, म्हणून ते आधी फोनो स्टेजमधून जातात. तिथे सिग्नल मोठा होतो आणि रेकॉर्ड कापताना दाबलेला बास आरआयएए कर्व्हने (रेकॉर्डसाठी ठरलेली टोनची भरपाई) परत मिळतो. सिलेक्टरनंतर वाट फुटते, आणि मी नेमका इथेच फसलो. एक फाटा मागच्या ‘रेक आउट’ला (टेप डेकवर रेकॉर्ड करायचं सॉकेट) जातो, दुसरा टेप मॉनिटरच्या स्विचला. बटण बाहेर असेल तर सोर्स पुढे जातो. दाबलेलं असेल तर स्विच सोर्सला सोडतो आणि ‘टेप इन’वर जे येईल तेच पुढे पाठवतो. तिथे डेक नसला तर काय येणार? डोंबल! रेकॉर्ड आणि प्लेबॅकची हेड वेगळी असलेल्या तीन हेडच्या डेकवर रेकॉर्डिंग चालू असतानाच टेपवर काय उतरतंय ते ऐकता यावं, म्हणून ही सोय. पुढे बॅलन्स, टोन, व्हॉल्यूम आणि सिग्नल पॉवर ॲम्पला देणारी लाइन स्टेज. क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो.

म्हणून मुका सेट आला की ४०० हर्ट्झचा सूर द्या आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून रेक आउट मोजा. तिथे सिग्नल असेल तर सिलेक्टरपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे. जुन्या बाजारातून आणलेल्या सेटची प्री-आउट (प्रीॲम्पमधून बाहेर) आणि मेन-इन (पॉवर ॲम्पमध्ये आत) जोडणारी यू लिंकही बघा. ती हरवलेली असली तरी सेट मुकाच.

आणि रेक आउट पॉवर ॲम्पला जोडू नका. कधीच नाही. तो व्हॉल्यूमच्या आधीचा आहे. सीडी प्लेयरचे २ व्होल्ट तसेच आत गेले की स्पीकरमधला ट्विटर (बारीक सूर वाजवणारा भाग) जळू शकतो. त्यासाठी प्री-आउट आहे.

‘सगळे कॅपॅसिटर बदला, सेट नवा’ असं व्हिडिओत सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पण गोंधळलात म्हणून खचूही नका, सॉकेटांची ही गर्दी पहिल्यांदा कुणालाच कळत नाही.

त्या सेटचा डावा चॅनेल मी हात लावल्यापासून किंचित सूं-सूं करतो. ट्रान्झिस्टरचे पैसे काकांनी गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत, माझ्या पगारातून कापले.