चर बुजवू देण्याआधी पंचनामा करा

मृग तोंडावर आलाय आणि ठेकेदारांना बिलं काढायची घाई झालीय. तारांखालच्या फांद्या तोडणं, पाण्याची पाइपलाइन, केबलचे चर, सगळं याच पंधरवड्यात. जेसीबीवाला गडगा (दगडी कुंपण) पाडून आंब्याच्या कलमाच्या आळ्यातून चर नेतो, मुकादम म्हणतो, "पावसाआधी बुजवून देतो, काळजी नको." तो खरंच बुजवतो, आणि तिथेच आपण बुडतो. तुटलेली मुळं मातीखाली गेली की दोन वर्षांनी कलम वाळल्यावर दाखवणार काय?

आमच्या वाडीत असं तीनदा पाहिलं. नुकसान तिघांचं झालं, पैसे एकालाच मिळाले. त्याने चर उघडा असतानाच मुळांशेजारी टेप धरून फोटो काढले होते.

म्हणून माती पडण्याआधी:
- तारीख आणि ठिकाण येईल असे फोटो
- झाडाचा घेर, वय, तुटलेल्या मुळांची जाडी
- पडलेल्या गडग्याची लांबी
- तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहाय्यक (आता सहाय्यक कृषी अधिकारी) आणि संबंधित कार्यालयाला लेखी अर्ज, पोच घेऊनच

तलाठी दोन दिवसांत नाही आले तर थांबू नका. शेजारचे दोन पंच बोलवा, कागदावर लिहा, सह्या घ्या आणि मग बुजवा. उतारावरचा उघडा चर पहिल्याच सरीत वहाळ (ओढा) होतो.

"ते ठेकेदाराचं काम, आमचं नाही," असं उत्तर वीज कार्यालयात मिळेल. वीज कायदा 2003 चं कलम 67 दाखवा. परवानाधारकाने, म्हणजे वीज कंपनीने, स्वतः किंवा त्याने नेमलेल्या माणसाने केलेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई परवानाधारकानेच द्यायची आहे. झाड तारेच्या आधीचं असेल तर कलम 68 पाहा, तोडण्याचा आदेश देणारा दंडाधिकारी भरपाईही ठरवू शकतो. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडंसुद्धा नोंदवून ठेवा. सातबाऱ्यावर झाड नसेल तर ते होतं हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

आता झाडाचं. चिरफाळलेली मुळं आणि फांद्या करवतीने साफ कापून बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवा, मग एकत्र करा, त्याच दिवशी संपवा. लोखंडी पातं बुडवून तांबूस झालं तर चुना वाढवा. आंब्याच्या उघड्या जखमेवर खोडकिडा अंडी घालतो. भुसा दिसला की तारेच्या आकड्याने अळी ओढून काढा. माडाची (नारळाची) जखम तर कधीच भरून येत नाही आणि सोंड्या भुंगा तीच शोधत येतो, तिथे डांबर फासा.

दुकानदार "मुळं फुटायचं टॉनिक" गळ्यात मारेल. बाटलीच्या पैशांत मोरचूद आणि चुना येऊन वर गाडीभर शेणखत येईल. माझा अंदाज असा, कुठे छापलेला नाही: एका बाजूची मुळं गेली असतील तर त्याच बाजूच्या बारीक फांद्या थोड्या हलक्या कराव्यात, कलम वाऱ्यात कमी हलतं.

बाकी कामं:
- चराला आडवे दगडी बांध
- माती थराथराने दाबून, वर उंचवटा
- गडगा गुरं सुटायच्या आत उभा

आज मुकादमाचा फोन आला तर एवढंच सांगा: पंच येऊन जाऊ देत, मग माती ओढा.