स्वस्त एअर रायफलचा जोर आणि नेम बिघडल्यास

नेम चुकू लागला की बहुतेक जण आधी माशी (नळीवरची नेम धरायची खूण) हलवतात आणि तिथेच फसतात. नळी मोडून छर्रा भरायच्या स्प्रिंगच्या रायफलमध्ये दर वेळी छर्रा सुटताना दुहेरी धक्का बसतो आणि त्याने दस्त्याचे (खांद्याला टेकवायच्या भागाचे) स्क्रू सैल होतात. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून प्रथम तेच आवळावेत. त्यानंतर छर्रे पाहावेत. ४.५ मिलिमीटरच्या छर्‍याचा मागचा पातळ घेर डबीत चेपला गेला असेल, तर हवा बाजूने निसटते आणि जोर व नेम दोन्ही जातात.

जोर तरीही कमीच वाटला, तर नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून सुरक्षित लक्ष्यावर एक छर्रा मारावा. पट्टी उडाली, तर सांध्याचे वॉशर गेले आहे. ते बदलणे स्वस्त आणि सोपे असते. पट्टी जागची हलली नाही, तर पिस्टनचे सील किंवा स्प्रिंग थकली असावी, आणि ते काम जाणकाराकडेच द्यावे, कारण दाबलेली स्प्रिंग अंगावर उसळते.

सिलिंडरमध्ये तेल मात्र ओतू नये. पुण्याच्या पावसाळ्यात गंजाच्या धास्तीने मी ते एकदा ओतले होते. धूर निघाला, आवाज फटाक्यासारखा झाला आणि १० मीटरवरचे छर्रे कागदभर पांगले. बाहेरून तेलाचा नुसता हात फिरवणे पुरेसे आहे.

शेवटी पकड: स्प्रिंगची रायफल आवळून धरू नये, डाव्या तळहातावर ती नुसती टेकू द्यावी.