वेगवेगळ्या काळांतील रनिंग बॅक कसे तोलावेत

अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅक बेळगाव-खानापूरकडच्या कबड्डी पाहणाऱ्याला फारसा समजावून सांगावा लागत नाही. चढाईला गेलेल्या गड्याला परत यायचे असते, तर याला चेंडू बगलेत दाबून पुढेच घुसायचे असते. अंतर यार्डांत मोजतात. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे ११ यार्ड, आणि तिकडे संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड सरकावे लागते, हे बांधावर उभे राहून एकदा नजरेने मोजावे, म्हणजे एका धावेमागे पाच यार्डांची सरासरी किती मोठी हे उमगते.

तुलनेला बसताना कारकिर्दीत धावून मिळवलेल्या एकूण यार्डांची यादी प्रथम बाजूला ठेवावी. तिच्यात एमिट स्मिथ १८,३५५ यार्डांसह सर्वांत वर आहे आणि जिम ब्राउन १२,३१२ यार्डांसह बराच खाली. परंतु स्मिथ २२६ सामने खेळला आणि ब्राउन ११८, त्यामुळे भागाकार केल्यावर स्मिथचे सामन्यामागे ८१ आणि ब्राउनचे १०४ यार्ड निघतात. मात्र येथेच थांबणे स्मिथवर अन्यायाचे होईल, कारण ब्राउनने १९६५ नंतर, ऐन भरात असताना, नऊ हंगामांवर खेळ सोडला, तर स्मिथ पंधरा हंगाम खेळत राहिला. स्मिथचेही पहिले नऊच हंगाम घेतले, तर त्याची सरासरी ९० च्या जवळ जाते.

हंगामाची लांबीही पाहावी. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, दर हंगामात प्रत्येक संघाचे १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७ सामने झाले. म्हणून एरिक डिकरसनच्या १९८४ मधील २,१०५ यार्डांशेजारी ओ. जे. सिम्पसनचे १९७३ मधील २,००३ यार्ड लिहिताना, ते १४ सामन्यांतले आहेत, हे लिहिलेच पाहिजे.

यापुढचे माप मला सर्वांत भरवशाचे वाटते. दोन पिढ्यांचे पैलवान एका मैदानात उतरत नाहीत, म्हणून आपल्याकडे प्रत्येकाला त्याच्या जोडीच्या मल्लांवरून जोखतात. १९६३ मध्ये ब्राउनचे १,८६३ यार्ड होते आणि दुसऱ्या क्रमांकावरील जिम टेलरचे १,०१८. नऊपैकी आठ हंगामांत ब्राउनच पहिला होता.

आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे पुढची फळी, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवून रनिंग बॅकला वाट करून देणारे त्याच्याच संघाचे गडी. मोबाइलवर जुने चित्रण थांबवत पाहावे आणि वहीत दोन रकाने आखावेत: प्रतिस्पर्ध्याचा पहिला हात लागण्यापूर्वीचे यार्ड आणि नंतरचे. डॅलसच्या भक्कम फळीमागे स्मिथला अनेकदा वाट तयार मिळे. डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सला पुष्कळदा मागच्या मागेच दोघांना चकवावे लागे, तरीही त्याने धावेमागे पाच यार्डांची सरासरी राखली, आणि स्मिथची ४.२ राहिली. माझ्या वहीत त्यामुळे ब्राउन पहिला, सँडर्स दुसरा आणि विक्रमवीर स्मिथ त्यांच्या खाली आहे. चहाच्या टपरीवर यावरून दोनदा वाद झाला, पण क्रम मी बदललेला नाही.